एका कॅमेऱ्याची सहा रूपें

ज्या भिंगांतून फिल्मवर चित्र उमटावयाचें, त्याच भिंगांतून तें आधीं डोळ्यास दिसावें, या हेतूनें एकभिंगी परावर्ती कॅमेरा निर्माण झाला. भिंगामागील तिरपा आरसा प्रकाश वर फेंकतो व लोलक तो डोळ्यापर्यंत आणितो. कळ दाबतांच आरसा उचलला जातो व प्रकाश फिल्मवर पडतो.

जपानांतील निप्पॉन कोगाकु या कंपनीनें १९५९ सालीं 'निकॉन एफ' हा असा कॅमेरा काढिला. त्याचा अतिशीघ्र वेग १/१००० सेकंद असे. १९७१ च्या एफ-२ नें तो १/२००० सेकंदावर नेला. १९८० च्या एफ-३ मध्यें पडद्याचें नियमन विजेकडे गेलें. १९८८ चा एफ-४ तर भिंग आपोआप जुळवूं लागला. पुढें १९९६ सालीं एफ-५ व २००४ सालीं एफ-६ आले. २०२० सालीं एफ-६ बंद होऊन ही परंपरा संपली.

एवढ्या स्थित्यंतरांत भिंग बसविण्याची खांच मात्र मूळचीच राहिली. १९७७ सालीं भिंगाच्या कड्याची रचना किंचित् पालटली. तेव्हांहि जुन्या कड्यांत फेरफार करून देण्याची सोय कंपनीनें ठेविली. त्यामुळें काटकसर करून ज्यानें एखादें भिंग घेतलें, त्याची ठेव नव्या यंत्रापुढें निरुपयोगी ठरली नाहीं. काय बदलावें हें शिकतांना काय राखावें हेंहि शिकावें, हा बोध या यंत्रापासून आपण अवश्य घ्यावा.