रतामाच्या झुडुपाखाली
शास्त्रपाठ: १ राजे १९:१-१६, लेवीय २५:१-५



सेमिनरीतील डिप्लोमाचे माझे शेवटचे वर्ष होते. आठवडाभर वर्ग, रात्री ग्रीकचा अभ्यास, शनिवार-रविवार खेड्यांत सेवा आणि त्यातच पूर्व आफ्रिकेत सेवेसाठी जाण्याची तयारी. मंडळीने माझ्यासाठी उपास-प्रार्थना केली होती, प्रवासासाठी दानही जमवले होते. परीक्षा संपवून जुन्नरला घरी आले, ती पुरती रिकामी होऊनच. झोप लागेना. बायबल उघडले की अक्षरे दिसत, अर्थ लागत नसे. दर रविवारी उपासनेनंतर कोणीतरी प्रेमाने विचारी, "ताई, कधी निघणार?" मी हसून वेळ मारून नेई आणि घरी येऊन रडे.

शेवटी आमच्या वसतिगृहातील एका मुलीच्या घरी, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहायला गेले. कुटुंब महादेव कोळी. बाळहिरड्याचे दिवस होते. मी आजीबरोबर हिरडा वाळत घाली, भाकरी खाई आणि झोपे. डोंगरउतारावर एक तुकडा मोकळाच दिसला. विचारले तर आजी म्हणाली, "त्यो पडीक ठिवलाय, पोरी. नाचणी झाली, वरई झाली. आता त्याला इसावा. नायतर फुडं काय देईल त्यो?"

सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, हे लेवीयातले वचन मी शिकले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. ते माझ्यासाठीही आहे, हे त्या उतारावर कळले.

मग एलीयाचा अध्याय पुन्हा वाचला. कर्मेलावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेलच्या धमकीने रानात पळतो आणि रतामाच्या झुडुपाखाली मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. दूत त्याला भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा जेवू घालतो. "तू येथे काय करतोस?" अशा अर्थाचा प्रश्न येतो तो नंतर, होरेबावर. त्यानंतर नवे काम मिळते आणि अलीशासारखा सोबतीही. क्रम लक्षात घ्या: आधी भाकर आणि झोप, मग प्रश्न, मग काम.

आपल्या महाराष्ट्रातील सेवेच्या इतिहासातही असे घडले आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. नॉट यांची प्रकृती ढासळली आणि ते मायदेशी परतले. तेथे त्यांनी पुढे अनेक वर्षे पाळक म्हणून सेवा केली. १८६९ मध्ये ते वारले. हॉल येथेच राहिले आणि १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यात पटकीने वारले. एकाला विश्वासू आणि दुसऱ्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पावसाळ्याआधी मी जुन्नरला परतले आणि मंडळीपुढे उभी राहून खरे सांगितले. जमवलेले दान परत घ्या म्हणाले. कोणी काही बोलेना. मग एका वडिलांनी एवढेच विचारले, "पोरी, जेवतेस ना नीट?"

त्या दिवशी मला मंडळी म्हणजे काय ते समजले. आफ्रिकेला मी गेले नाही. याच डोंगरातील मुलांमध्ये प्रभूने मला ठेवले. विसाव्यानंतर कोणाला परदेशी जायचे असेल, कोणाला नाही. ते धन्याने ठरवावे. मात्र झोप उडणे, रडू येणे आठवडेच्या आठवडे चालले, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावे. त्यात अविश्वास नाही.

मननासाठी
१. दूताने एलीयाला दोनदा का जेवू घातले?
२. आपण पाठवलेल्या सेवकांना "कधी निघणार?" याखेरीज आणखी काय विचारतो?
३. माझ्या आयुष्यातील कोणता तुकडा यंदा पडीक ठेवायला हवा?