काचपेटीतील कुटुंब

नागपूरचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरोघर कूलर घरघरू लागतात. अशाच एका उन्हाळ्यात आमच्या महालातील घरी एका मत्स्यकुटुंबाने मला जो धडा दिला, तो मी अद्याप विसरलो नाही.

वडिलांनी अडीच फूट लांबीची काचपेटी आणली होती. तळाशी धुतलेली वाळू पसरून तीवर दोन सपाट दगड ठेवले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असतो. म्हणून पाणी एक दिवस बादल्यांत उघडे ठेवून मगच पेटीत ओतले. हवेचा लहानसा पंपही बसविला. नंतर तीत चार नारिंगी क्रोमाइड सोडले.

हा मासा सिक्लिड कुळातील आहे. या कुळातील बहुतेक जाती आफ्रिकेत व अमेरिकेत आढळतात. भारतातील मूळच्या जाती अवघ्या तीन. केरळचा राज्यमासा करीमीन हा त्यांपैकीच एक. नारिंगी क्रोमाइड मात्र जेमतेम ८ सेंटिमीटरांचा. दक्षिण भारतातील व श्रीलंकेतील खाड्यांत आणि नद्यांत तो राहतो.

काही दिवसांनी दोघांची जोडी जमली. ती इतरांना जवळ येऊ देईना, म्हणून त्या दोघांना निराळ्या पेटीत हलविले. एका सकाळी दगडावर बारीक, पिवळसर अंडी चिकटलेली दिसली. आमच्या हौदातील गप्पी मासे स्वतःचीच पिले खाताना मी पाहिले होते. हेही तसेच करतील, या भीतीने मी कोणास न विचारता तो दगड उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी सारी अंडी बुरशीने पांढरी पडली!

वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “अरे, रक्षणकर्त्यापासूनच तू त्यांचे रक्षण केलेस!”

तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी आली. या वेळी मी दुरूनच पाहू लागलो. एक मासा पंखांनी अंड्यांवर अखंड पाणी ढाळी, मेलेली अंडी वेचून काढी. तो दूर होताच दुसरा त्याची जागा घेई. इतक्यात एके दुपारी वीज गेली. पंप थांबला. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. मासे धापा टाकू लागले. आम्ही पेटीभोवती ओले गोणपाट गुंडाळले आणि पेटीतीलच पाणी वाटीने उंचावरून पुन्हा तीत सोडत राहिलो. दोन तास हात थांबला नाही. पण त्या माशांनीही अंड्यांजवळची जागा सोडली नाही.

पाचव्या दिवशी अंडी फुटली. आईबापांनी पिलांना तोंडात धरून वाळूतील खळग्यात नेले. आठवड्याभरात पिले पोहू लागली आणि आईबापांच्या अंगाला टोचू लागली. मी घाबरलो, परंतु त्यांच्या त्वचेवरील चिकट स्राव हे पिलांचे अन्नच असते, असे वडिलांनी सांगितले. त्यास जोड म्हणून आम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक वस्त्रगाळ करून किंचित घालीत असू.

चाळीसेक पिले जगली. “फुटाळा तलावात सोडून द्या,” असे शेजारच्या काकांनी सुचविले. वडिलांनी नम्रपणे नकार दिला. १९५२ साली अन्नासाठी भारतात आणलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हीदेखील सिक्लिडच. ती अनेक जलाशयांत पसरली आणि तेथील मूळच्या माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी झाली. म्हणून आमची पिले आम्ही मित्रांच्या काचपेट्यांतच दिली.

माया करावी, परंतु ज्याच्यावर माया करावयाची त्याची रीत आधी जाणून घ्यावी, हे त्या दोन चिमुकल्या जीवांनी मला शिकविले.

स्वाध्याय
१. पहिल्या वेळची अंडी का नासली?
२. वीज गेल्यावर पाणी उंचावरून का ओतले?
३. पाळलेले मासे तलावात का सोडू नयेत?