संमती आणि शरणागती : कायदा शिकणाऱ्यांसाठी एक पाठ

आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेली काही मुले-मुली आता कायद्याच्या महाविद्यालयात आहेत. फौजदारी कायदा म्हणजे कलमांचे पाठांतर, असा पुष्कळांचा समज असतो. त्यांनी एक निकालपत्र मुळातून वाचावे : 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'.

घटना देसाईगंजची. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपुरात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री एक आदिवासी मुलगी घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेली. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, आईबाप नाहीत, मजुरीवर पोट. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढले आणि तिला आत थांबवून घेतले. तिथे एका पोलिसाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने विनयभंग केला, अशी तिची तक्रार होती.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांनाही सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. धाकापोटी मुकाट सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायमूर्तींचे म्हणणे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा संमती असली पाहिजे, असा तर्क होता. ठाण्याचे दार आतून बंद असताना वर्दीतल्या माणसाशी एका मजूर पोरीने झटापट करायला हवी होती!

प्रकरण तिथेच संपले असते. पण उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती वेगळी आणि शरणागती वेगळी, हा त्याचा गाभा. ते पत्र हातोहात फिरले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर तसेच गृहीत धरायचे, हा नियम तेव्हा आला. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १२० मध्ये आहे. पीडितेचे नाव छापण्यास मनाईही त्याच दुरुस्तीने आली, म्हणून इथे ते लिहिलेले नाही. तिच्या स्वतःच्या खटल्याचा निकाल मात्र तसाच राहिला.

विद्यार्थ्यांनी दोन्ही वरिष्ठ न्यायालयांचे निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पुरावा तोच, निष्कर्ष उलटे. फरक कोणत्या वाक्यापाशी पडतो, तिथे पेन्सिलीने खूण करावी. परीक्षेत याला फारसे गुण मिळत नाहीत, पण वकिली इथेच शिकायला मिळते.

पाड्यावरच्या अभ्यासगटासाठी दोन गोष्टी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा, मदतवाहिनी १५१००. दुसरी गोष्ट : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीसाठी कोणत्याही स्त्रीला पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचे. हे कलम गटात मोठ्याने वाचा, आणि आपल्या पाड्यावरच्या बायांना असे बोलावणे आले तेव्हा प्रत्यक्षात काय झाले, ते त्यांनाच विचारा.