डुकरांच्या खाद्यातील स्निग्धांश

गाय किंवा शेळी गवतावर जगू शकते. डुक्कर तसे जगू शकत नाही. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या चारा संशोधन संस्थेचे कार्य मुख्यतः रवंथ करणाऱ्या जनावरांच्या उपयोगी पडते. डुकराला मात्र धान्य, कोंडा आणि पेंडच लागते. म्हणून त्याच्या खाद्यात तेल मिसळावे की नाही, हा प्रश्न पालकाच्या खर्चाशीही निगडित आहे.

पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा स्निग्ध पदार्थांपासून मिळते. शिवाय त्यांच्या पचनात अंगात उष्णताही कमी निर्माण होते. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. मे-जूनमध्ये झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हा ते खाणेच कमी करते. पिल्लांना पाजणाऱ्या मादीची यात विशेष ओढाताण होते. नवजात पिल्लाच्या अंगात चरबी जेमतेम एक-दोन टक्के असते. त्याची सारी भिस्त दुधावर. मादीला विण्याच्या आधीपासून स्निग्ध खाद्य दिल्यास दुधातील स्निग्धांश वाढतो व अशक्त पिल्ले तगण्याची शक्यता वाढते.

परंतु येथे एक मेख आहे. झाशीच्या सीपरी बाजारातून आणलेल्या धान्य-पेंडीचे मिश्रण किलोमागे ३,२०० किलोकॅलरी ऊर्जेचे व १६ टक्के प्रथिनांचे आहे, असे समजू. वाढते डुक्कर त्यातील २ किलो खाते, म्हणजे त्याला ३२० ग्रॅम प्रथिने मिळतात. शंभर किलोत ४ किलो धान्याऐवजी तेल घातले, की ऊर्जा सुमारे ३,४०० होते. डुक्कर सामान्यतः ऊर्जेच्या गरजेपुरतेच खाते. आता १,८८० ग्रॅममध्येच त्याचे भागते आणि प्रथिने ३०० ग्रॅमवर येतात. मग मांसाऐवजी चरबी वाढते. म्हणून प्रथिनांचे प्रमाण १७ टक्क्यांपर्यंत नेले पाहिजे; अन्यथा तेलाचा पैसा वाया गेलाच म्हणावयाचा.

तेलाची जातही पाहावी लागते. एलिस व इस्बेल या अमेरिकन संशोधकांनी १९२६ साली दाखवून दिले, की खाद्यातील स्निग्धांशाचा गुण डुकराच्या चरबीत उतरतो. भुईमुगावर पोसलेल्या डुकराची चरबी मऊ, तेलकट होते. विक्रीपूर्वीचे काही आठवडे अशी तेले कमी करणे इष्ट.

लहान पालकाने निराळे तेल घेण्यापेक्षा घाण्याची पेंड व भाताचा ताजा कोंडा वापरणे बरे. कोंड्यात तेल पुष्कळ असते, पण तो लवकर खवट होतो. साठवून ठेवू नये. खाणावळीतील उष्टे अन्न द्यायचेच झाल्यास ते किमान अर्धा तास उकळावे. भारतात २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा शिरकाव झाल्यापासून तर न उकळलेले उष्टे देऊच नये.