नेत्रभिंगाचा मऊपणा कसा मोजतात?

एका कार्डावर बारीक अक्षर लिहा व फूटपट्टी जवळ ठेवा. एक डोळा झाकून कार्ड हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू जवळ आणा. अक्षर ज्या अंतरावर अंधुक होऊ लागेल ते अंतर मोजा. तुमची नजर निर्दोष असेल तर ते सुमारे 10 सेंटिमीटर भरेल. मीटरमध्ये मांडलेल्या या अंतराचा व्यस्त काढला की डोळ्याची समायोजन शक्ती डायॉप्टरमध्ये मिळते. 10 सेंटिमीटरला 10 डायॉप्टर. माझे अंतर परवा 33 सेंटिमीटर भरले, म्हणजे जेमतेम 3 डायॉप्टर! हा लेख मी चाळिशी लावूनच लिहीत आहे.

मग माझी शक्ती गेली कुठे? डोळ्यातील स्नायू दुबळे झाले, की भिंग कडक झाले?

जवळचे पाहताना समायोजी स्नायू आकुंचन पावतात, भिंगाला बाजूंनी ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होते. हे काम भिंगच करते, हे थॉमस यंग याने 1801 साली दाखवले. त्याने आपला डोळा पाण्यात बुडवला. पाण्यात पारपटलाची अभिसरण शक्ती जवळजवळ नाहीशी होते. ती उणीव त्याने काचेच्या भिंगाने भरून काढली. तरीही समायोजन चालूच राहिले! तुमच्या पुस्तकातील 'यंगचा गुणांक' याच यंगच्या नावाचा.

तारेचा गुणांक काढताना आपण तिला वजन टांगतो. नेत्रभिंगाला ते टांगणार कसे? त्याचा व्यास सुमारे 9 मिलिमीटर, जाडी सुमारे 4 मिलिमीटर आणि पकडावे तर चिमटाच आत रुतायचा. 1971 साली फिशर या संशोधकाने सुरेख युक्ती प्रसिद्ध केली. कुंभाराच्या चाकावर मातीचा ओला गोळा वेगाने फिरला की तो बाहेरच्या बाजूला पसरू पाहतो. मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांतील भिंगे फिशरने तशीच त्यांच्या अक्षाभोवती फिरवली आणि बाजूने छायाचित्रे घेतली. फिरताना भिंगाची कड बाहेर सरकते व जाडी कमी होते. तंतूंनी ताणल्यावरही असेच घडते.

आता थोडे गणित करू. भिंग मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर कोनीय वेग ω सुमारे 105 रेडियन प्रति सेकंद. घनता ρ सुमारे 1050 किलोग्रॅम प्रति घनमीटर व त्रिज्या r 0.0045 मीटर धरा. ρω²r² ची किंमत सुमारे 230 न्यूटन प्रति चौरस मीटर येते. भिंगातील प्रतिबल याच्या निम्म्याहूनही कमी असते, पण अंदाजाला ही संख्या पुरे. हा दाब अडीच सेंटिमीटरहून कमी उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा! एवढ्याने पोलादाच्या गोळीला काहीच होणार नाही. भिंगाचा आकार मात्र बदललेला छायाचित्रात दिसतो. प्रतिबल माहीत, विकृती मोजलेली, गुणांक निघाला.

उत्तर काय आले? जन्मवेळी सुमारे 800 न्यूटन प्रति चौरस मीटर, तर 63 व्या वर्षी सुमारे 3000. पोलादाचा गुणांक 2 × 10¹¹ आहे, हे आठवा.

या पद्धतीत एक अडचण होती. भिंगावर पातळ, लवचीक वेष्टन असते. तेही प्रतिकार करते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित प्रयोगात वेष्टन काढून भिंग फिरवण्यात आले. तरुण भिंगाचा गाभा बाहेरच्या थरापेक्षा मऊ असतो; वय वाढते तसा तोच गाभा अधिक कडक होतो, असे दिसून आले. चाळिशीचे मुख्य कारण हे आहे. वेष्टन अजूनही भिंगाला फुगीर करू पाहते, पण आतला गाभा वाकायला तयार नसतो.

म्हणून सुईत दोरा ओवताना आजीला अडखळताना पाहिलेत, तर "नीट लक्ष देऊन बघ" असे म्हणू नका. लक्ष देऊन गाभा मऊ होत नाही. चाळिशी लावणे हा कमीपणा नव्हे. भिंगाला जी वक्रता आता जमत नाही ती बाहेरून उसनी घेणे, एवढाच त्याचा अर्थ.

जाता जाता एक प्रश्न: फिरण्याचा वेग दुप्पट केला, तर प्रतिबल किती पट होईल? वरच्या सूत्रावरून शोधा. मग घरातील प्रत्येकाचे अंतर मोजून वय व डायॉप्टर यांचा आलेख काढा. लांबचे पाहण्याचा चष्मा असलेल्यांनी तो लावूनच मोजावे.