गोळीचा वेग आणि नेमाची अचूकता

२६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांच्या नेमबाजांचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० व १,००० यार्डांची होती. अमेरिकनांच्या रायफलींत काडतूस मागून भरले जाई. आयरिशांच्या रायफली तोंडाकडून भरावयाच्या होत्या. त्या काळच्या अनेक जाणकारांचा कौल या दुसऱ्या प्रकारास होता, कारण त्यात प्रत्येक बार मोजलेल्या दारूने, काळजीपूर्वक भरता येई. अमेरिकनांनी ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी विजय मिळविला. एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर गेली नसती, तर निकाल उलटा लागता. तोंडाकडून भरण्याची पद्धत पुढे मागे पडली. हाताने बार भरण्याची काळजी मात्र टिकली. आजही लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात.

हा खटाटोप कशासाठी? १,००० यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर. सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटलेल्या ७.६२ मि.मी. गोळीस तेथे पोहोचण्यास दीड सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रोखापासून सुमारे १० मीटर खाली येते. सुटतेवेळीचा वेग केवळ १० मीटरांनी कमी पडला, तर ती आणखी पाव मीटर खाली लागते. अमेरिकेतील १,००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास २० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मीटर असतो. अर्थात नेम अगदी मध्यावर धरलेला असला तरी गोळी वर्तुळाच्या काठावर जाते. वारा गोळीस मुख्यतः आडवी ढकलतो. वेगातील फरक तिला वर-खाली नेतो. लक्ष्यावरील छिद्रे उभ्या रेषेत पसरू लागली, की संशय प्रथम काडतुसांवर घ्यावा.

दारूचे वजन हे एक कारण झाले, आणि हौशी मंडळी त्याचाच अधिक ध्यास घेतात. पण पितळी पुंगळ्यांचे आकारमान भिन्न असेल, तर तेवढ्याच दारूचा दाब निराळा होतो. पुंगळीच्या गळ्याची गोळीवरील पकड कधी घट्ट, कधी सैल असली तरी वेग बदलतो. पेटविणाऱ्या टोपीचाही त्यात वाटा असतो. तापलेल्या नळीत काडतूस रेंगाळले तर दारू उष्ण होऊन वेग वाढतो.

गोळीचा वेग मोजण्यासाठी बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने वापरलेल्या लंबकाचे वर्णन १७४२ साली प्रसिद्ध झाले. आता हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्र करते. तथापि आकडे मिळाले म्हणजे निर्णय मिळाला असे नव्हे. तीन बारांत आढळणाऱ्या कमाल व किमान वेगांतील अंतरापेक्षा, त्याच काडतुसांच्या वीस बारांतील अंतर सरासरीने दुपटीहून अधिक भरते. भरणीत दोष नसतानाही असे घडते. त्यामुळे तीन गोळ्यांच्या देखण्या आकड्यावर भाळून निवडलेले दारूचे माप पुढे निराशा करते. पुरेशा मोजणीतच दारूचा बराचसा साठा संपतो, ही या छंदातील नेहमीची तक्रार होय.