सिझनची खोली

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा सिझन लागतो, तो होळीपर्यंत. नाट्यमंडळांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात, म्हणून बाहेरगावच्या आम्हा कलावंत बायांचं बिऱ्हाडही वडशातच. तिघी-चौघी मिळून खोली किरायानं घेतो. अशा खोल्यांत राहून जे समजलं, ते नव्यानं येणाऱ्या पोरींसाठी लिहिते आहे.

१. पाणी कुठून येतं ते स्वतः बघा. एका घरी 'चोवीस तास पाणी' सांगितलं होतं. पाणी होतंही, पण टाकी भरायच्या मोटरचं बटण मालकांच्या स्वयंपाकघरात. नाटक पहाटे सुटतं, गाडी उजाडता उजाडता वडशात पोहोचते. तेव्हा त्यांचं दार बंद, आमचा नळ कोरडा. तोंडावरचा रंग खोबरेल तेलानं पुसून तशाच झोपायचो. मालकीणकाकूंना सांगितलं तर म्हणायच्या, "रात्रीच भरून ठेवत जा ना बाई." रात्री आम्ही स्टेजवर!

२. संडास-बाथरूम सामाईक असेल तर किती जणांत, तो आकडा ठरवून घ्या. आम्हाला एकाच कुटुंबाबरोबर सांगितलं होतं. पुढं मागच्या दोन खोल्याही किरायानं गेल्या आणि दाराशी बादल्यांची रांग लागली. किराया मात्र तेवढाच.

३. ठरलेलं कागदावर आणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती चुकवली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून कामाचं पुढचं: नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल किरायेदाराचं म्हणणं मानलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "कागद कुठं आहे?" असं दरडावणाऱ्या मालकापुढं पोरी गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. कागद करणं त्याचं काम होतं. तरी बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: पाणी, माणसं, लाईट बिल, अनामत. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या भागांना लागू होतो, म्हणून आपल्या गावाचं वकिलाला विचारून घ्या.

४. भांडण झालं म्हणून योग्य कारणाशिवाय किरायेदाराचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही, याच कायद्याचं कलम 29. मालकानं दुरुस्ती टाळली तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन ती आपण करावी आणि खर्च किरायातून वळता करावा, वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्शापर्यंत, कलम 14. मात्र ही कलमं किरायेदारासाठी आहेत. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीच्या करारावर, राहत असाल तर करारात लिहिलेलंच कामी येतं, म्हणून सही करण्याआधी तो पूर्ण वाचा.

५. करारात सगळ्यांची नावं घाला. एकीच्याच नावावर खोली असली आणि ती मध्येच दुसऱ्या मंडळात गेली, की बाकीच्या उघड्यावर. किरायाची पावती मागा. ती देणं मालकाला बंधनकारक आहे.

६. मालक अनामत परत देत नसेल, तर वकिलाच्या फीला घाबरून ती सोडून देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिची कमाई कितीही असो. गडचिरोलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. नाटक नसलेल्या दिवशी पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं घेऊन तिथं जा, आणि होळीची वाट न बघता जा. सिझन संपून घरी गेल्यावर दोन-तीन हजारांसाठी पुन्हा वडशाला येणं कुणालाच परवडत नाही.